मनाची रोजकीर्द

व्यवहार लहान असो वा मोठा, तो ज्या दिवशी घडला त्याच दिवशी रोजकीर्दीत उतरला पाहिजे, हा हिशेबाचा जुना दंडक आहे. रोजकीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज आणि तेरजेवरून ताळेबंद असा हा क्रम. मूळ नोंदच नसेल तर ताळेबंद कितीही देखणा मांडला तरी त्याला किंमत नाही, हे बँकेशी संबंध असलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

स्वतःविषयी मात्र आपण नेमके याच्या उलट वागतो. ‘मी स्वभावाने शांत आहे’, ‘पैशाचा मोह मला कधीच नव्हता’, ‘माणसांची मला चांगली पारख आहे’ अशी विधाने आपण सहज करतो. ही सारी विधाने म्हणजे ताळेबंदच होत. पण त्यांच्यामागची रोजची नोंद आपल्यापाशी नसते. रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभरातील प्रसंग आठवून आत्मपरीक्षण करावे, असे थोरामोठ्यांनी सांगितले आहे आणि ते योग्यही आहे. परंतु आठवण ही विश्वासू कारकून नाही. दुपारी घडलेल्या भांडणातील आपली वाक्ये रात्रीपर्यंत सौम्य होतात आणि समोरच्याची अधिक तीक्ष्ण. म्हणून स्वतःला खरोखर ओळखायचे असेल, तर मनात घडणारी गोष्ट घडत असतानाच पाहता आली पाहिजे. या पाहण्यालाच सजगता म्हणतात. तिचा पद्धतशीर अभ्यास करण्याचे अनेक मार्ग भारतात निर्माण झाले. त्यांपैकी विपश्यना या मार्गाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. या मार्गाच्या अलीकडच्या इतिहासात हिशेबखात्यातील एका अधिकाऱ्याचे स्थान फार मोठे आहे.

महालेखापालांची साधना

ऊ बा खिन यांचा जन्म १८९९ साली रंगून येथे झाला. तरुणपणी ते ब्रह्मदेशाच्या महालेखापाल कार्यालयात साधे कारकून म्हणून लागले. पुढे खात्याच्या परीक्षा देत ते वर चढत गेले आणि ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा त्या देशाच्या महालेखापालपदी त्यांची नियुक्ती झाली. १९३७ मध्ये त्यांनी ध्यानाचा अभ्यास सुरू केला. त्यांचे गुरू सया थेटजी हे संन्यासी भिक्षू नव्हते. ते रंगूनजवळच्या खेड्यातील एक शेतकरी होते. शेतकऱ्याने शिकवावे आणि लेखाधिकाऱ्याने शिकावे, या परंपरेत संसारी माणसाचे स्थान किती मोठे आहे याची ही खूण म्हणता येईल.

१९५० मध्ये ऊ बा खिन यांनी आपल्याच कार्यालयातील कर्मचाऱ्यांसाठी विपश्यना संघ स्थापन केला आणि १९५२ मध्ये रंगूनला ध्यानकेंद्र सुरू केले. साधना सुरू झाली म्हणून त्यांचे सरकारी काम कमी झाले नाही. काही वर्षे तर एकाच वेळी तीन-चार खात्यांची जबाबदारी त्यांच्यावर होती. सचोटी आणि कामाचा उरक यांसाठी ते ओळखले जात. अध्यात्म म्हणजे निवृत्तीनंतरचा उद्योग, असे मानणाऱ्यांनी हे चरित्र अवश्य ध्यानात घ्यावे.

त्यांच्याकडे १९५५ साली एक तरुण उद्योगपती आला. सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली मंडाले येथे, भारतातून तेथे स्थायिक झालेल्या मारवाडी कुटुंबात झाला होता. व्यापारात यश होते, समाजात मान होता. पण अर्धशिशीच्या असह्य वेदनांनी ते त्रस्त झाले होते. झटका आला की मॉर्फिनचे इंजेक्शन घ्यावे लागे. युरोप, अमेरिका, जपान असे उपचारांसाठी हिंडूनही गुण आला नव्हता. मित्राच्या सल्ल्यावरून ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी प्रवेश देण्यास ऊ बा खिन यांनी नकार दिला. ही साधना मनाच्या शुद्धीसाठी आहे. शरीराचा आजार बरा झाला तर तो आनुषंगिक लाभ समजावा, अशी त्यांची भूमिका होती. गोयंकांनी हेतू बदलला आणि मग त्यांना प्रवेश मिळाला. आपण एखाद्या साधनेकडे काही मिळवण्यासाठी जात आहोत की काही पाहण्यासाठी, हा प्रश्न त्या नकारामागे होता.

चौदा वर्षे गुरूंजवळ अभ्यास केल्यावर गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, आईवडिलांसह मोजक्याच साधकांसाठी, त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले. पुढे १९७६ मध्ये नाशिक जिल्ह्यात इगतपुरी येथे ‘धम्मगिरी’ हे केंद्र सुरू झाले. मुंबईहून निघालेली गाडी कसारा घाट चढून जेथे थांबते, ते हे गाव. आज भारतात आणि भारताबाहेर या परंपरेची अनेक केंद्रे आहेत. २०१२ मध्ये गोयंका यांना पद्मभूषण किताब देण्यात आला. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

ओळखीचे शब्द, निराळे अर्थ

या साधनेतील शब्द मराठी वाचकाला परके नाहीत. अडचण उलट त्यांच्या ओळखीचीच आहे. पाली भाषेतील अर्थ आणि आजच्या मराठीतील अर्थ यांत मोठे अंतर पडले आहे. ते समजले तर निम्मा विषय समजल्यासारखा होतो.

‘सती’ म्हणजे संस्कृतातील स्मृती. मराठीत स्मृती म्हणजे भूतकाळाची आठवण. पालीत मात्र सती म्हणजे या क्षणी काय चालले आहे याचे भान. जणू स्वतःला वर्तमानाची आठवण करून देणे. ‘सतिपट्ठान सुत्त’ या प्रसिद्ध उपदेशाच्या नावात हाच शब्द आहे. बुद्धांनी हा उपदेश कुरु प्रदेशात, म्हणजे आजच्या दिल्ली-हरियाणाच्या परिसरात केला, असे परंपरा सांगते. शरीर, संवेदना, चित्त आणि चित्तात उमटणारे धर्म या चार ठिकाणी सजगता स्थापन करावी, असे त्यात सांगितले आहे.

‘वेदना’ म्हणजे मराठीत दुखणे. पालीत वेदना सुखद असू शकते, दुःखद असू शकते आणि दोन्ही नसलेलीही असू शकते. छातीतील धडधड, तळहाताचा घाम, वाऱ्याच्या झुळकेचा गारवा, पायाला आलेली मुंगी या साऱ्या वेदनाच होत. मराठीत त्यांना आपण संवेदना म्हणू.

‘उपेक्षा’ या शब्दाने तर सर्वांत मोठा घोटाळा होतो. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. पालीतील उपेक्खा म्हणजे समतोल: जे आहे ते पूर्ण लक्ष देऊन पाहणे, पण त्याच्या ओढीने वा तिटकाऱ्याने वाहून न जाणे. पहिल्या अर्थाने उपेक्षा करणारा माणूस डोळे मिटून घेतो. दुसऱ्या अर्थाने करणारा ते उघडे ठेवतो. ‘विपश्यना’ या शब्दातही पाहणेच आहे: विशेष रीतीने, जसे आहे तसे पाहणे.

फोनची घंटा आणि चार पायऱ्या

मनाचा व्यवहार चार पायऱ्यांनी होतो, असे ही परंपरा मानते. विज्ञान, म्हणजे काहीतरी जाणवल्याची केवळ जाण. संज्ञा, म्हणजे ते काय आहे याची ओळख आणि त्याचे मूल्यमापन. वेदना, म्हणजे त्या मूल्यमापनासरशी शरीरात उमटणारी संवेदना. आणि संस्कार, म्हणजे त्या संवेदनेला मनाने दिलेली प्रतिक्रिया.

एक उदाहरण घेऊ. दुपारी फोन वाजतो. पलीकडील व्यक्ती करड्या आवाजात सांगते, ‘तुमच्या खात्यातून गैरव्यवहार झाला आहे. तासाभरात रक्कम सुरक्षित खात्यात हलवली नाही, तर तुम्हाला अटक होईल.’ आवाज कानावर पडला, हे विज्ञान. ‘अटक’ हा शब्द ओळखला गेला आणि ‘हे भयंकर आहे’ असा निवाडा झाला, ही संज्ञा. त्याच क्षणी पोटात खड्डा पडला, हात थरथरले, घसा कोरडा झाला, ही वेदना. आणि ही अवस्था लवकरात लवकर संपावी म्हणून पलीकडचा सांगेल ते करण्यास मन धावले, हा संस्कार. हे सारे काही सेकंदांत घडते. नंतर तो माणूस म्हणतो, ‘मी एवढा शिकलेला, माझ्या हातून हे झाले कसे?’ शिक्षण संज्ञेच्या पायरीवर काम करते. प्रतिक्रिया मात्र वेदनेच्या पायरीवरून उठलेली असते. फसवणूक करणाऱ्यांना हे पुरते ठाऊक असते. म्हणूनच ते आपल्याला विचार करायला वेळ देत नाहीत.

विपश्यनेचे मुख्य प्रतिपादन येथे आहे. आपली समजूत अशी असते की आपण बाहेरच्या माणसाला, शब्दाला, घटनेला प्रत्युत्तर देत आहोत. प्रत्यक्षात आपण आपल्याच शरीरातील संवेदनेला प्रत्युत्तर देत असतो. सुखद संवेदना टिकावी म्हणून आपण हव्यासाकडे जातो आणि दुःखद संवेदना टळावी म्हणून भीतीकडे किंवा रागाकडे. दामदुप्पट परताव्याच्या आमिषाने होणारा रोमांच आणि अटकेच्या धमकीने होणारा थरकाप दिसायला परस्परविरोधी, पण दोहोंची यंत्रणा एकच. वेदना आणि संस्कार यांच्यामधला क्षण ज्याला दिसू लागतो, त्याला स्वतःच्या स्वभावाचा उगम दिसू लागतो.

अर्थात ध्यान हे फसवणुकीवरील कवच आहे, असा दावा करता येणार नाही. फोन ठेवावा, घरातल्या माणसाशी बोलावे, शाखेशी संपर्क साधावा आणि पैसे गेलेच असतील तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब कळवावे, हे नियम सर्वांसाठी आहेत. परंतु फोन ठेवण्यापुरते भान त्या क्षणी शाबूत राहणे, ही त्या नियमांचीही पहिली अट आहे.

दहा दिवसांची शाळा

हे केवळ वाचून साधत नाही. म्हणून दहा दिवसांच्या निवासी शिबिराची पद्धत ठेवण्यात आली आहे. पहाटे चारला घंटा होते आणि रात्री साडेनऊला दिवे मालवले जातात. मधल्या काळात सुमारे दहा तास ध्यान असते. हिंसा, चोरी, अब्रह्मचर्य, असत्य आणि मादक पदार्थ यांपासून दूर राहण्याचे पाच नियम पाळावे लागतात. शिबिरार्थी आपसांत बोलत नाहीत. खाणाखुणाही वर्ज्य असतात. याला आर्य मौन म्हणतात. शिक्षकाशी साधनेविषयी आणि व्यवस्थापकाशी गैरसोयीविषयी बोलता येते. फोन, पुस्तक, लेखणी यांपैकी काहीही जवळ नसते.

पहिले तीन दिवस आणि चौथ्या दिवसाचा काही भाग ‘आनापान’, म्हणजे नैसर्गिक श्वासाचे निरीक्षण, चालते. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. डोक्यापासून पायांपर्यंत आणि पायांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवत जेथे जी संवेदना असेल ती पाहायची, तिला हवीशी-नकोशी न म्हणता पुढे जायचे. गुडघा दुखतो, पाठ भरून येते, मन पळते. तासभर न हलता बसण्याचा निश्चय केला की एरवी लक्षातही न येणारी गोष्ट दिसते: दुखणे थोडे असते, दुखण्याविषयीची तक्रार पुष्कळ. ज्या वेदनेविषयी ‘ही आता कधीच जाणार नाही’ असे वाटत होते, ती बदलते, सरकते, विरते, पुन्हा उमटते. अनित्यता हा पुस्तकी सिद्धांत राहत नाही. ती स्वतःच्या देहात अनुभवाला येते. दहाव्या दिवशी मौन सुटते आणि सर्वांविषयी सद्भाव बाळगण्याची ‘मैत्री’ भावना शिकवली जाते.

या शिबिरांचे शुल्क घेतले जात नाही. निवास-भोजनाचाही आकार नसतो. ज्यांनी एक शिबिर पूर्ण केले आहे त्यांच्याच ऐच्छिक दानातून पुढील शिबिरे चालतात. आपण जेवलो ते कोणा अनोळखी माणसाच्या दानावर, ही जाणीव अहंकाराच्या नोंदवहीत एक मोठी दुरुस्ती करून जाते.

भिंतीआडचा प्रयोग

साधनेची कसोटी अनुकूल वातावरणात लागत नाही. राजस्थानात जयपूरच्या कारागृहात १९७५ मध्येच विपश्यनेचे शिबिर झाले होते. पुढे दिल्लीच्या तिहार कारागृहाच्या महानिरीक्षकपदी श्रीमती किरण बेदी असताना, १९९३ पासून तेथे शिबिरे सुरू झाली. एप्रिल १९९४ मध्ये एक हजारांहून अधिक बंदिवानांनी एकाच शिबिरात भाग घेतला. त्याच वर्षी कारागृहाच्या आत कायमचे केंद्र स्थापन झाले. या प्रयोगावर १९९७ मध्ये निघालेला माहितीपट देशोदेशी पाहिला गेला.

तुरुंगातील माणसापाशी आपल्या कृत्याचा खुलासा तयार असतो. परिस्थिती, संगत, पोलीस, नशीब. तो खुलासा पुष्कळदा खराही असतो. परंतु आत शांत बसल्यावर हात उगारण्यापूर्वी शरीरात उसळणारी आग ज्याला पहिल्यांदा स्पष्ट दिसते, त्याला आपल्या जबाबदारीचे मोजमाप बाहेरून कोणी सांगावे लागत नाही. मराठी माणसाला तुरुंगातील आत्मचिंतन नवे नाही. विनोबांची गीता प्रवचने धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली झाली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. समर्थ रामदासांनी तर २०५ श्लोकांत थेट मनालाच संबोधले. मार्ग वेगळे आहेत, त्यांची तत्त्वज्ञानेही वेगळी आहेत. पण मनाला समोर बसवून त्याच्याकडे नीट पाहावे, हा आग्रह सर्वत्र समान आहे.

या अभ्यासाचा एक प्रवाह वैद्यकशास्त्राकडेही वळला. अमेरिकेत डॉ. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात, दीर्घकाळ दुखण्याने पीडित असलेल्या रुग्णांसाठी सजगतेवर आधारित वर्ग सुरू केला. पुढे आठ आठवड्यांचा हा अभ्यासक्रम जगभर पसरला. आज ‘माइंडफुलनेस’ या नावाने जे शिकवले जाते, त्याचा एक मोठा भाग येथून आला आहे.

काही गैरसमज

मन निर्विचार झाले पाहिजे, हा पहिला गैरसमज. मन भटकणारच. ते भटकल्याचे ज्या क्षणी ध्यानात येते, तो क्षण अपयशाचा नसून अभ्यासाचा आहे. वीस वेळा भटकले आणि वीस वेळा ध्यानात आले, तर वीस नोंदी झाल्या असे समजावे.

सजग माणूस अन्याय मुकाट सोसतो, हा दुसरा गैरसमज. समतोल प्रतिक्रियेविषयी आहे, कृतीविषयी नाही. चुकीच्या कर्जप्रकरणावर सही करण्यास नकार देणारा अधिकारी आणि सदोष सेवेविरुद्ध तक्रार नोंदवणारा ग्राहक, दोघेही पूर्ण समतोलाने ठाम राहू शकतात. किंबहुना राग उतरल्यावर लिहिलेली तक्रार अधिक मुद्देसूद असते.

ध्यान हे सर्व विकारांवरचे औषध आहे, हा तिसरा आणि सर्वांत घातक गैरसमज. तीव्र नैराश्य, मनोविकार किंवा अलीकडचा मोठा मानसिक आघात असेल, तर दीर्घ मौनाचे शिबिर त्रासदायक ठरू शकते. अशा व्यक्तींनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि शिबिराच्या अर्जात आपल्या आजाराची खरी माहिती द्यावी. चालू असलेले औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

घरच्या घरी आरंभ

दहा दिवसांची सवड सर्वांनाच मिळत नाही. प्राथमिक अभ्यास मात्र कोणालाही करता येईल.

सकाळी उठल्यावर, मोबाइल हातात घेण्यापूर्वी दहा मिनिटे पाठ ताठ ठेवून बसावे. खुर्चीवर बसले तरी चालते. डोळे मिटून नाकपुड्यांपाशी श्वासाचे येणे-जाणे पाहावे. तो लांब करू नये, रोखू नये, मोजू नये. हा प्राणायाम नाही. उथळ असेल तर उथळ, डाव्या नाकपुडीतून असेल तर डाव्या. मन गेले की स्वतःवर न रागावता त्याला परत आणावे.

दिवसभरात तीन ठिकाणी क्षणभर थांबण्याचा संकेत ठरवावा: फोन उचलण्यापूर्वी, सही किंवा पिन देण्यापूर्वी आणि कोणाच्या टोचून बोलण्याला उत्तर देण्यापूर्वी. एका श्वासाइतका हा विराम पुरेसा आहे. त्यात एवढेच पाहावे, की या क्षणी शरीरात काय चालले आहे? जबडा आवळला आहे का? खांदे वर चढले आहेत का? काउंटरवरील कर्मचाऱ्याने हे पाहिले तर दहाव्या ग्राहकावर निघणारा राग हा तिसऱ्या ग्राहकाचा होता, हे त्याला कळेल. रांगेतील ग्राहकाने पाहिले तर आपली चिडचीड रांगेची नसून घरून निघतानाच्या वादाची आहे, हे त्यालाही कळेल.

रात्री झोपण्यापूर्वी एका वहीत दिवसातील एकच प्रसंग चार रकान्यांत लिहावा: काय घडले, शरीरात काय जाणवले, मनात कोणता विचार आला, मी काय केले. लेखनाची ही सूचना शिबिराच्या पद्धतीत बसत नाही. घरी अभ्यास करणाऱ्याला सोय म्हणून ती येथे दिली आहे. दुसरा रकाना सुरुवातीला रिकामा राहील, कारण त्याकडे लक्ष देण्याची सवयच आपल्याला नसते. तो भरू लागला की अभ्यास मार्गी लागला असे समजावे. महिनाभराने वही चाळल्यास काही नोंदी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील: विशिष्ट माणूस, विशिष्ट शब्द, छातीतील तोच दाब आणि तेच उत्तर. आपण ज्याला आपला स्वभाव म्हणत होतो, तो पुष्कळ अंशी या आवर्ती नोंदींचा बनलेला असतो.

या वहीत प्रत्येक पान उजळ निघणार नाही. ‘मला मोह नाही’ म्हणणाऱ्याला आपल्या मोहाची नोंद आपल्याच हस्ताक्षरात वाचावी लागेल. अशा वेळी पान फाडू नये आणि स्वतःला दूषणेही देऊ नयेत. हिशेबात चुकीच्या नोंदीवर एक रेघ मारून शेजारी योग्य नोंद करतात. जुनी नोंद वाचता येईल अशीच ठेवतात. मनाच्या हिशेबातही तीच रीत बरी. जे घडले ते दिसत राहावे, त्याच्या शेजारी पुढची नोंद अधिक सावधपणे व्हावी आणि आजच्या दिवसाची नोंद आजच व्हावी.